धडधाकट बाळाचा लंगोट

बाळाला काहीही झालेलं नाही. अंगावर पितंय, खेळतंय, रात्री शांत झोपतंय. तरी दाराशी आलेली ताई विचारते, "सकाळची शी ठेवलीय ना?" अभ्यासात नव्याने आलेल्या घरात हे ऐकून आजी हमखास वैतागते. पोराला हगवण लागली असती तर गोष्ट वेगळी. चांगल्या पोराची शी कशाला न्यायची?

लहान मुलांच्या पोटाच्या आजारांवर संशोधन करणाऱ्यांना कुठल्या ना कुठल्या उंबऱ्यावर हा प्रश्न रोज भेटतो. आजीला टाळता येत नाही आणि घाईघाईने समजावताही येत नाही, कारण प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे.

उत्तर द्यायला एक मोठा अभ्यास मदतीला येतो. 2007 ते 2011 या काळात आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या सात ठिकाणी 'जेम्स' या नावाने तो चालला. भारतातलं केंद्र कोलकात्याला होतं. मध्यम ते तीव्र जुलाबांनी दवाखान्यात आलेली पाच वर्षांखालची 9,439 मुलं त्यात नोंदवली गेली. त्यांच्या जोडीला त्याच वस्त्यांमधली, त्याच वयाची, जुलाब नसलेली 13,129 मुलं घेतली. आजारी मुलांपैकी 83 टक्के मुलांच्या शीत रोग करू शकणारा निदान एक तरी जंतू सापडला. हिशेब इथेच मिटवला असता तर सगळं छान जुळलं असतं. पण धडधाकट मुलांपैकीही 72 टक्क्यांच्या शीत असा जंतू होताच. जिआर्डिया हा परजीवी तर वर्षावरच्या मुलांत आजाऱ्यांपेक्षा निरोगी मुलांकडेच जास्त आढळला.

म्हणजे जुलाब झालेल्या मुलाच्या शीत जंतू दिसला, एवढ्यावरून त्याच्यावर आरोप ठेवता येत नाही. शेजारच्या खेळत्या मुलाशी ताडून पाहिल्यावर चार नावं ठळक उरली: रोटाव्हायरस, क्रिप्टोस्पोरिडियम, शिगेला आणि विष सोडणारी ई. कोलायची एक जात. यातलं क्रिप्टोस्पोरिडियम अनेकांना अनपेक्षित होतं. तोवर त्याची ओळख प्रामुख्याने एड्सच्या रुग्णांना छळणारा परजीवी अशी होती.

पण ताडून पाहण्याआधी मोजावं लागतं, आणि इथे मोजणं महाकठीण. 24 तासांत तीन किंवा त्याहून जास्त वेळा पातळ शी झाली तर जुलाब, ही व्याख्या कागदावर सोपी दिसते. अंगावर पिणारं दोन महिन्यांचं बाळ दिवसातून सहा-सात वेळा सैल शी करतं आणि वजनानेही छान वाढतं. त्याला आजारी म्हणायचं कसं? म्हणून 'नेहमीपेक्षा वेगळी' ही अट जोडावी लागते, आणि नेहमीची कशी असते हे फक्त आईला ठाऊक असतं. शिवाय घरोघरी ठरलेलं वाक्य असतं: "दात येताहेत, म्हणून होतंय." दातांमुळे होणारे ढाळ आईच्या लेखी आजार नसतातच, त्यामुळे 'बाळ आजारी होतं का?' या प्रश्नाला ती खरेपणाने 'नाही' म्हणते. मुरलेली ताई आजाराचं नावच काढत नाही. काल किती दुपटी धुतली, पाण्यासारखी होती का, रक्त किंवा शेंब होती का, एवढंच विचारते. पंधरा दिवसांचं एकदम विचारलं तर पहिला आठवडा पुसला गेलेला असतो, म्हणून आठवड्यातून दोनदा जाते.

वेल्लोरच्या वस्त्यांमध्ये असंच चाललं होतं. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी जन्मापासून तीन वर्षं 373 मुलांचा माग ठेवला. आठवड्यातून दोनदा घरभेट, आणि जुलाब असोत वा नसोत, दर पंधरवड्याला शीचा नमुना. 2011 साली निष्कर्ष छापून आले, तेव्हा त्या न कंटाळता गोळा केलेल्या नमुन्यांचं मोल कळलं. सहा महिन्यांची होईपर्यंत 56 टक्के मुलांना रोटाव्हायरसचा संसर्ग होऊन गेला होता, आणि त्यातले कित्येक संसर्ग घरच्यांच्या लक्षातही आले नव्हते. आधी मेक्सिकोत झालेल्या अभ्यासात दोन संसर्गांनंतर मुलं मध्यम आणि तीव्र रोटाव्हायरस जुलाबांपासून पूर्ण सुरक्षित झालेली दिसली होती. वेल्लोरमध्ये तीन संसर्गांनंतरही हे संरक्षण 79 टक्क्यांवरच थांबलं. खरा विषाणूच जिथे एवढं कमी शिकवतो, तिथे लस किती शिकवणार, हा प्रश्न त्या आकड्यातून समोर आला.

दवाखान्यातलं मोजणं आणखी वेगळं. ढाक्याच्या कॉलरा रुग्णालयातली खाट या कामातल्या सगळ्यांना माहीत असते. मधोमध भोक, खाली बादली, बादलीत किती जमलं ते बघायचं. तेवढंच पाणी आणि क्षार रुग्णाला परत द्यायचे. तान्ह्या बाळाचा लंगोट मात्र आधी कोरडा आणि मग भिजलेला तोलावा लागतो, आणि त्यात लघवी मिसळली की आकडा वाया जातो. मुलग्याला लघवीची पिशवी नीट चिकटवता येते, मुलीला नाही. एवढ्याच कारणाने जलसंजीवनीच्या अनेक चाचण्या फक्त मुलग्यांवर झाल्या. जगभरातल्या मुलींना घोटघोट पाजलं गेलेलं मिश्रण बऱ्याच अंशी त्यांच्या भावांच्या लंगोटांवरून ठरलं. हे काम करणाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक असते आणि खटकतेही.

माणसांत रोटाव्हायरस पहिल्यांदा दिसला तो आजारी मुलांतच. 1973 साली मेलबर्नला रूथ बिशप आणि सहकाऱ्यांनी जुलाब झालेल्या नऊ मुलांच्या लहान आतड्याचे बारीक तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. सहा मुलांच्या आतड्यात विषाणू होता. लवकरच तो थेट शीतही दिसू लागला आणि मुलाच्या पोटात नळी घालण्याची गरज संपली. 

भारतीय लशीची गोष्ट मात्र निरोगी बाळांपासून सुरू होते. 1980च्या दशकाच्या मध्यात दिल्लीच्या 'एम्स'मध्ये नवजात अर्भकांच्या कक्षात रोटाव्हायरस फिरत होता, पण बाळांना जुलाब होत नव्हते. बालरोगतज्ज्ञ महाराज किशन भान यांना त्यात आशा दिसली. पुढे या बाळांना तीव्र जुलाबांपासून संरक्षण मिळालेलंही दिसलं. हा विषाणू मूळचा माणसाचाच, पण त्यात एक जनुकखंड गाईगुरांच्या रोटाव्हायरसमधून आलेला. 116ई असं त्याचं नाव, आणि त्याच्यापासून हैदराबादच्या भारत बायोटेकने 'रोटाव्हॅक' तयार केली.

दरम्यान अमेरिकेत या क्षेत्राला मोठा हादरा बसून गेला होता. 1998 साली परवाना मिळालेली 'रोटाशील्ड' लस वर्षभरातच बाजारातून काढून घ्यावी लागली. लस घेतलेल्या दर दहा हजार बाळांमागे सुमारे एका बाळाचं आतडं आतड्यात शिरत होतं. परवान्याआधीच्या चाचण्यांत लस मिळालेल्या 10,054 बाळांपैकी पाचांना आणि न मिळालेल्या 4,633 पैकी एकाला हा त्रास झाला होता. पाच आणि एक या फरकावरून तेव्हा कुणालाच ठाम काही म्हणता आलं नव्हतं. पुढच्या दोन लशींच्या चाचण्यांत म्हणूनच प्रत्येकी 60,000हून जास्त बाळं घ्यावी लागली.

रोटाव्हॅकची निर्णायक चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुणे इथे झाली. पुण्यात ती केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने केली. एकूण 6,799 बाळं, सहा-सात आठवड्यांची, ठणठणीत. कुणाला लस मिळाली आणि कुणाला नुसता द्रव, ते घरच्यांना ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही नाही. जुलाब झाले की 20 गुणांच्या वेसिकारी पट्टीवर मांडायचे: किती वेळा, किती दिवस, उलट्या किती, ताप किती, पाणी किती कमी झालं. 11 किंवा त्यापुढे गेलं तर तीव्र. पहिल्या वर्षात लशीने तीव्र रोटाव्हायरस जुलाब 56 टक्क्यांनी कमी केले. युरोपातल्या लशींच्या नव्वदीच्या आकड्यांपुढे हे फिकं वाटतं. पण वेल्लोरचा 79 टक्क्यांचा आकडा माहीत असलेल्यांना त्यात नवल वाटलं नाही. जिथे रोगाचा बोजाच प्रचंड, तिथे निम्म्याहून जास्त कमी होणं म्हणजे दवाखान्यातल्या हजारो खाटा रिकाम्या होणं, हे गणित त्यांनी आधीच केलेलं होतं. 2016च्या मार्चमध्ये ही लस ओडिशा, हिमाचल, हरियाणा आणि आंध्रच्या सरकारी लसीकरणात आली.

अशा चाचण्यांत आणखी एक पेच असतो. घरी वरचेवर ताई येते, जुलाब सुरू होताच जलसंजीवनी आणि झिंक हातात पडतं, गाडी लागली तर तीही मिळते. त्यामुळे इतरत्र जे मूल डोळे खोल गेलेल्या अवस्थेत उशिरा पोचलं असतं, ते इथे पट्टीवर आठ-नऊवरच थांबतं. मुलांसाठी हे उत्तमच. पण जे मोजायचं तेच चांगल्या देखभालीने कमी होतं, आणि तरीही देखभाल कमी करण्याचा विचारसुद्धा कुणाला करता येत नाही. मग बाळांची संख्या वाढवावी लागते, आणि खर्चही.

लस देशभर पसरू लागल्यावर आतडं आतड्यात शिरण्याची शंका पुन्हा तपासायची होती. आता लस न मिळालेली धडधाकट बाळं शेजारी मुद्दाम ठेवणं शक्य नव्हतं. म्हणून 27 रुग्णालयांत आलेल्या, हा त्रास झालेल्या बाळांचीच लसीकरणाची कार्डं पाहिली गेली. डोस घेतल्यानंतरचे पहिले 21 दिवस आणि त्याच बाळाचे बाकीचे दिवस समोरासमोर मांडले. डोसनंतरच्या दिवसांत त्रास वाढल्याचं दिसलं नाही. 2020 साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यासाठी डोसची नेमकी तारीख हवी होती, आणि तिचा पुरावा घरी जपून ठेवलेल्या त्या कार्डावरच होता. कार्ड सोबत नसेल तर आईला फोन करायचा, गावच्या आशाताईला गाठायचं, नाहीतर आरोग्य केंद्राची वही उघडायची, आणि तारीख पक्की झाल्याशिवाय ते बाळ हिशेबात धरायचं नाही.