गादी सरकली, आता ऑपरेशन करायचं का?

‘डॉक्टरसाब, एमआरआयमध्ये गादी सरकली म्हणून आलंय. आता अप्रेशन करावंच लागंल का?’

आठवड्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न माझ्यासमोर येतो. विचारणारे कधी जिंतूरकडचे असतात, कधी गंगाखेडचे, कधी पालमचे. हातात नांदेडहून किंवा संभाजीनगरहून काढून आणलेली फिल्म असते आणि सोबतच्या माणसाच्या मनात खर्चाचा हिशेब चाललेला असतो. कुणी सांगितलेलं असतं, ऑपरेशन केलं नाही तर पाय लुळा पडेल. कुणी सांगितलेलं असतं, मणक्याचं ऑपरेशन केलं की माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो. या प्रश्नावर जगात चांगला अभ्यास झालेला आहे. तो काय सांगतो आणि आपल्या भागातल्या माणसाने त्यातून काय घ्यायचं, ते आज लिहितो.

आधी आजार समजून घ्या

दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते, तिला आपण गादी म्हणतो. बाहेरून चिवट कडं, आत मऊसर गर. कडं फाटून गर मागे आला आणि पायात जाणाऱ्या नसेवर टेकला, की कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत, कधी पावलापर्यंत कळ जाते. मुंग्या येतात. खोकलं, शिंकलं तरी चमक निघते. हीच सायटिका. आपल्याकडे याला ‘गॅप पडला’ म्हणतात, पण चकती झिजली की दोन मणक्यांतलं अंतर उलट कमी होतं.

आता रिपोर्टबद्दल. १९९४ साली अमेरिकेत कंबरदुखी अजिबात नसलेल्या ९८ लोकांचे एमआरआय काढून पाहिले. त्यातल्या ५२ टक्के लोकांच्या किमान एका चकतीला फुगवटा होता. ही सगळी हिंडतीफिरती माणसं होती. म्हणून नुसत्या रिपोर्टवर ऑपरेशन ठरत नाही. फिल्ममध्ये जी नस दबलेली दिसते, तिचीच कळ तुमच्या पायात येते का, हे डॉक्टरांनी तपासून जुळवावं लागतं.

बरं होण्याची शरीराची स्वतःची चाल

उसण भरली की आपल्याकडे पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेतात. दोन-चार दिवसांत बरं वाटतं आणि श्रेय पायाळूला जातं. साधी उसण बहुधा तेवढ्या दिवसांत आपोआपच उतरते. सरकलेल्या गादीचंही पुष्कळदा असंच होतं, फक्त दिवसांऐवजी आठवडे लागतात. बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषून घेतं. गंमत म्हणजे तुटून सुटा पडलेला मोठा तुकडा, जो फिल्मवर सर्वांत भयंकर दिसतो, तोच अनेकदा जास्त विरतो. मात्र पायात कळ असताना पाठीवर कुणाचा पाय किंवा झटका घेऊ नका.

आणि अंथरूण धरून पडून राहू नका. नेदरलँड्समध्ये १९९९ साली १८३ सायटिकाच्या रुग्णांवर हे तपासलं. निम्म्यांना दोन आठवडे पडून राहायला सांगितलं, निम्म्यांना झेपेल तसं हिंडायला. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत ८७ टक्के लोकांना आराम होता. पडून राहण्याचा फायदा काहीच दिसला नाही.

ऑपरेशनचा अभ्यास काय म्हणतो?

नॉर्वेतल्या डॉ. वेबर यांनी १२६ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी केली आणि दहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. १९८३ साली निष्कर्ष छापून आले. एका वर्षानंतर ऑपरेशनवाले सरस होते. चार वर्षांनी फरक नावापुरता उरला. दहा वर्षांनी तोही उरला नाही.

२००७ साली नेदरलँड्समध्ये २८३ रुग्ण घेतले. सगळ्यांना दीड ते तीन महिन्यांपासून तीव्र सायटिका होती. एका गटाचं लवकर ऑपरेशन केलं, दुसऱ्याला थांबायला सांगितलं. लवकर ऑपरेशन झालेल्यांना बरं व्हायला साधारण ४ आठवडे लागले, थांबलेल्यांना १२. पण वर्षअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांनी कळ सोसवेना म्हणून वर्षभरात ऑपरेशन करून घेतलं, हेही लक्षात ठेवा.

मग कितीही थांबलं तरी चालेल का? नाही. २०२० साली कॅनडात चार ते बारा महिने दुखणं अंगावर असलेले १२८ रुग्ण घेतले. तिथे सहा महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांची पायाची कळ स्पष्टपणे कमी होती. म्हणजे पहिले काही आठवडे थांबणं शहाणपणाचं असतं, पण चार महिन्यांनंतरही पाय तसाच ठणकत असेल तर नुसती वाट पाहण्यात फारसा अर्थ राहत नाही.

या सगळ्याचं सार मी रुग्णांना एका वाक्यात सांगतो: बहुतेकांच्या बाबतीत ऑपरेशन वेळ वाचवतं. बरं होण्याचा तो एकच रस्ता नाही, तो जवळचा रस्ता आहे. आणि हा रस्ता पायाच्या कळेसाठी आहे. नुसती कंबर दुखत असेल तर गादीच्या ऑपरेशनकडून फार अपेक्षा ठेवू नका.

पण वेळ कुणाचा?

इथे मला माझ्या भागाबद्दल बोलावं लागतं. नेदरलँड्समध्ये माणूस आजारी पडला तरी त्याचा पगार बराच काळ चालू राहतो. तिथे आठ आठवडे जास्त लागले तर त्रास होतो, चूल विझत नाही. आपल्याकडे दिवाळीनंतर कापूस वेचणीचे दोन महिने गेले, तर त्या बाईची वर्षाची कमाई गेली. ऊसतोडीच्या कोयत्याची उचल घेतलेल्या माणसाला मुकादम ‘बारा आठवडे थांब’ म्हणत नाही.

माझ्याकडच्या दोन रुग्णांची गोष्ट सांगतो. दोघांच्या फिल्म शेजारी ठेवल्या तर सारख्याच वाटाव्यात. एक शिवणकाम करणारी बाई. घरात हाताशी सून होती, काम बसून-उठून करता येत होतं, कळ आठवड्यागणिक उतरत होती. ती थांबली आणि अडीच महिन्यांत बरी झाली. दुसरा ऊसतोड कामगार. दोन महिने औषधं आणि व्यायाम करूनही रात्रभर झोप नव्हती. त्याने ऑपरेशन करून घेतलं आणि त्याचा पाय मोकळा झाला. मोळी उचलायला मात्र त्याला बरेच आठवडे थांबावं लागलं. दोघांचेही निर्णय बरोबर होते. फिल्म सारखी होती, आयुष्यं वेगळी होती.

म्हणून ‘करावंच लागंल का’ हा प्रश्न थोडा बदलून विचारा: ‘मी आणखी किती थांबू शकतो, आणि थांबण्याची मला काय किंमत पडेल?’ त्याचं निम्मं उत्तर डॉक्टरांकडे आहे. निम्मं तुमच्या घरात आहे.

इथे मात्र थांबू नका

लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, बसण्याची जागा आणि जांघेतला भाग बधीर होणं, दोन्ही पायांतली ताकद जाणं. यातलं काहीही झालं तर ती तातडीची गोष्ट आहे. त्याच दिवशी निघा, रात्र असली तरी. उशीर झाला तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. एकाच पायाचं पाऊल वर उचलेनासं झालं, चालताना चप्पल पायातून निसटू लागली, तरी एक-दोन दिवसांत तज्ज्ञांना दाखवा. हे सांगायला अनेक बायका लाजतात. लाजू नका.

सर्जनला काय विचाराल?

माझी कळ फिल्मवरच्या नसेशी जुळते का? नुसती गादी काढणार की स्क्रू टाकणार, आणि स्क्रू असतील तर कशासाठी? कामावर कधी परतता येईल? परत गादी सरकली तर? अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात आठ वर्षांत सुमारे १५ टक्के रुग्णांना पुन्हा ऑपरेशन लागलं होतं, त्यामुळे ‘शंभर टक्के’ असं कुणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. वावर गहाण टाकण्याआधी हा एक प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत.

आणि दवाखान्यात येताना फिल्मबरोबर एवढं लिहून आणा: कळ कुठून कुठे जाते, किती आठवडे झाले, गेल्या महिन्यापेक्षा कमी आहे की जास्त. तुमच्या या तीन ओळी डॉक्टरांना फिल्मइतक्याच उपयोगी पडतात.