विकत न घेणाऱ्यांची मैफल

सतार घेऊन माणूस एसटीत बसतो. तबला-डग्गा लोकलच्या डब्यात पायाशी ठेवता येतो. पेटी तर कव्वालांबरोबर गावोगावच्या उरुसाला जाते. पियानोचं तसं नाही. भिंतीला टेकून उभा राहणारा साधा पियानोसुद्धा दोनशे किलोच्या घरात असतो आणि मोठ्या सभागृहातला नऊ फुटी ग्रँड पियानो पाचशे किलोच्या आसपास. तो कुणाकडे जात नाही, माणसालाच त्याच्याकडे जावं लागतं. नावाजलेले पियानोवादकही परगावी गेले की बहुतेक वेळा तिथे असेल त्या पियानोवरच वाजवतात. मग ज्याच्या घरात पियानो ठेवायला जागा नाही आणि घ्यायला पैसे नाहीत, त्याने जायचं कुठे?

मुंबईत मला या प्रश्नाचं एक उत्तर सापडलं. पियानोच्या दुकानात.

धोबी तलावपासून चालत जाण्याच्या अंतरावर हे दुकान आहे. महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी पियानोवर जीव असलेली वीस-पंचवीस माणसं तिथे जमतात. तिकीट नाही, सभासदत्व नाही. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं जातं, पियानोंची झाकणं उघडतात, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात. नियम दोनच. प्रत्येकाने एकच चीज वाजवायची, म्हणजे सगळ्यांची पाळी येते. आणि वाजवताना कुणी चुकलं तर बाकीच्यांनी वळून बघायचं नाही. मध्ये चहा, समोसे, नानखटाई. किमतीच्या चिठ्ठ्या पियानोवर तशाच लटकत असतात, पण त्या संध्याकाळी कुणी किंमत विचारत नाही.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती माझ्या भाचीमुळे. धाकट्या बहिणीची मुलगी, नववीत शिकते, मुंब्र्याला राहते. तिच्याकडे एकसष्ट पट्ट्यांचा एक कीबोर्ड आहे, तोही कुणाचा तरी वापरून झालेला. शिकवायला कुणी नाही. मोबाइलवर बघून, थांबवून, पुन्हा बघून ती शिकली. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधल्या जागेत, कानाला इयरफोन लावून वाजवते. घरातल्यांना ऐकू येतो तो फक्त पट्ट्यांचा टकटक आवाज. तिचं वाजवणं तिच्या आईनेही नीट ऐकलेलं नव्हतं.

खरा पियानो बघायला नेते म्हटल्यावर बहीण म्हणाली, "आपा, तिथे मोठी माणसं येत असतील. आपण तिथे काय करणार?" तिच्या सासरच्या एका बुजुर्ग बाईंनी तर सरळच विचारलं, "लडकी कू बाजा सिखाके क्या करना है?"

संगीत जायज की नाजायज, हा वाद आपल्या घरांत जुना आहे. मी त्यात शिरत नाही. पण मी मिरजेची आहे. आमच्या मिरजेत सतारमेकरांच्या दुकानांची रांगच आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातून ही कारागिरी सुरू झाली, असं गावात सांगतात. आज तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) मिरजेत राहिले, मिरजेतच त्यांची मजार आहे, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला त्यांच्या आठवणीत गाणं होतं. लहानपणी आम्ही पाहिलं आहे, तंबोरा न्यायला आलेला गवई जवारी लावून होईपर्यंत दुकानातच बसायचा, सूर लावून बघायचा, आणि बघता बघता रस्त्यावरची माणसं दुकानाच्या पायरीवर जमायची. वाद्याच्या दुकानात मैफल होते, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

"मोठी माणसं" या शब्दाशी मात्र मी थांबले. बहिणीचं म्हणणं चूक नव्हतं. आपल्या डोक्यातला पियानो सिनेमातून आलेला आहे. १९४९ च्या 'अंदाज'मध्ये दिलीपकुमार पियानोवर बसून गातात आणि त्यानंतर वर्षानुवर्षं हिंदी सिनेमातला पियानो बंगल्याच्या दिवाणखान्यातच राहिला. मागे गोल जिना, बाजूला पार्टीचे कपडे घातलेले पाहुणे. आता त्या 'अंदाज'ची माणसं बघा. दिग्दर्शक मेहबूब खान, संगीतकार नौशाद, गीतकार मजरूह सुलतानपुरी आणि पियानोवर बसलेले यूसुफ खान ऊर्फ दिलीपकुमार. पियानोचं ते चित्र देशाच्या मनात उभं करणारी ही सगळी माणसं मुसलमान. पण आपल्या मोहल्ल्यातल्या घरात पियानो कधी आला नाही. तो पडद्यावरच बरा, असं आपणही मानून घेतलं.

त्या रविवारी दुकानात पाहिलं तर "मोठी माणसं" फारशी नव्हतीच. एक बँकेतून निवृत्त झालेले पारशी गृहस्थ होते. वांद्र्याच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा एक तरुण होता. रात्रपाळी करणारा एक कॉल सेंटरवाला होता, जो भाड्याच्या खोलीत तीन मुलांबरोबर राहतो. दादरचे एक काका होते. त्यांनी पियानोवर नाट्यपद वाजवलं. कुणीतरी हळूच म्हणालं, "काका, मींड कुठून काढणार?" काका हसले, "पेटीवर तरी कुठे निघते?" बरोबरच होतं. पियानोची काय किंवा पेटीची काय, एका पट्टीचा सूर घसरत दुसऱ्या पट्टीवर जात नाही. एवढ्याच कारणासाठी नाही, पण याही कारणासाठी १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली होती आणि ती १९७१ पर्यंत टिकली. आज पेटीशिवाय ना भजन होतं ना कव्वाली. बाहेरून आलेलं वाद्य कुणाचं होतं आणि कुणाचं होत नाही, हे रेडिओ ठरवत नाही. वाजवणारे ठरवतात.

भाचीची पाळी आली. कोणत्या पियानोवर वाजवायचं हे तिला कळेना. तेव्हा कोपऱ्यातल्या एका जुन्या, तपकिरी रंगाच्या पियानोशेजारी बसलेल्या बाईंनी तिला हाताने बोलावलं. वय ऐंशीच्या पुढे, माझगावच्या. सगळे त्यांना टीचर म्हणतात. "इथे बस. हा चांगला आहे, रागवत नाही."

ती बसली आणि पहिल्याच सुराला घाबरली, कारण सूर आलाच नाही. कीबोर्डच्या पट्टीला नुसतं बोट लागलं तरी आवाज येतो. पियानोची पट्टी दाबायला साधारण पन्नास ग्रॅमचं वजन लागतं. आत लाकडी हातोडी उडते, तिचा लोकरीचा नमदा तारेवर आपटतो, मग सूर निघतो. फार हळू दाबलं तर हातोडी तारेपर्यंत पोहोचतच नाही. टीचर म्हणाल्या, "बोटाने ढकलू नको. हाताचं वजन सोड. खांद्यापासून सोड." दुसऱ्यांदा सूर आला आणि सगळ्या दुकानात भरला. इयरफोनमध्ये नाही, दुकानात. भाचीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या वाजवण्याचा आवाज खोलीभर होण्याची ही पहिलीच वेळ होती.

तिने वाजवलं ते एक छोटं मिन्युएट. पियानो शिकणारी जगभरची मुलं ते वाजवतात. बाखने आपल्या बायकोसाठी केलेल्या १७२५ च्या वहीत ते सापडतं, म्हणून ते पुष्कळ वर्षं बाखचंच समजलं गेलं. खरं तर ते क्रिस्टियान पेट्झोल्ड या दुसऱ्या संगीतकाराचं. चुकीच्या नावावर चाललं, पण चाललं, कारण मुलं ते वाजवत राहिली. भाचीही दोनदा अडखळली आणि कुणी वळून पाहिलं नाही.

नंतर चहाच्या वेळी टीचरशी बोलणं झालं. तो तपकिरी पियानो त्यांचाच होता. त्यांची चाळ पुनर्विकासात गेली, तात्पुरतं घर चौथ्या मजल्यावर मिळालं, लिफ्टमध्ये पियानो मावेना, आणि नव्या इमारतीत तरी तेवढी भिंत मिळेल याची खात्री नाही. म्हणून त्यांनी तो या दुकानाला विकला. चाळीस वर्षं त्याच्यावर मुलांना शिकवलं होतं. पावसाळ्यात मुंबईची दमट हवा लाकडात शिरते, पट्ट्या फुगून अडकतात, सूर उतरतात-चढतात; म्हणून जून ते सप्टेंबर पियानोच्या पोटात कमी वॅटचा बल्ब लावून ठेवायच्या. आता महिन्यातून एकदा त्या इथे येतात, त्याच्यावर एक स्तोत्र वाजवतात आणि घरी जातात. त्यांच्या डोक्याजवळ त्याच्या किमतीची चिठ्ठी लोंबत असते.

मी विचारलं, "आणि कुणी घेतला तर?"

"घेतलाच पाहिजे. पियानो न वाजवता ठेवला की आत कसर लागते."

तीन महिन्यांनी तो विकला गेला. आम्ही गेलो तेव्हा त्या जागी मोकळी फरशी होती. टीचर आलेल्या होत्या. त्या शेजारच्या काळ्या पियानोवर बसल्या, स्टूल वर-खाली केलं, पेडलवर पाय दाबून बघितला आणि तेच स्तोत्र वाजवलं. मग भाचीला शेजारी बसवून अर्धा तास डाव्या हाताचा सराव करून घेतला. चाळीस वर्षांचं जे काही होतं ते त्या पियानोबरोबर गेलेलं नव्हतं. ते त्यांच्या हातात होतं, आणि आता थोडं दुसऱ्या हातात चाललं होतं.

दुकानदार हे सगळं निव्वळ पुण्यासाठी करतो असं मी म्हणणार नाही. आज ऐकायला आलेला उद्या गिऱ्हाईक होईल, ही आशा त्यालाही असणार, आणि त्यात वाईट काही नाही. पियानोच्या धंद्यात हे पहिल्यापासून चालत आलं आहे. पॅरिसमध्ये प्लेएल हे पियानो बनवणारे. १८३२ साली एकवीस वर्षांच्या शोपँने पॅरिसमधला आपला पहिला जलसा त्यांच्याच दालनात केला. १८४८ मधला तिथला शेवटचा जलसाही प्लेएल यांच्याच सभागृहात झाला. न्यूयॉर्कमध्ये स्टाइनवे यांनी १८६६ साली दोन हजारांवर खुर्च्यांचं सभागृह बांधलं आणि लोकांना आत जायची वाट पियानोंच्या दालनातून ठेवली. लंडनमध्ये बेख्श्टाइन या जर्मन कंपनीने १९०१ मध्ये आपल्या दुकानाला लागून सभागृह उभारलं. पहिल्या महायुद्धात शत्रूची मालमत्ता म्हणून दुकान, पियानो, सभागृह सगळं लिलावात गेलं. पण सभागृह १९१७ मध्ये विगमोर हॉल या नावाने पुन्हा उघडलं आणि आजही तिथे गाणं-वाजवणं चालतं. विक्रीसाठी जमवलेली माणसं विक्री संपल्यावरही जमत राहिली.

आपल्याकडे एखादी वस्तू परवडत नसली की आपण म्हणतो, ती आपल्यासाठी नाही. पुस्तकाच्या बाबतीत आपण असं म्हणत नाही, कारण वाचनालय आहे. क्रिकेटच्या बाबतीत म्हणत नाही, कारण मैदान आहे, निदान होतं. पियानोला असं सामायिक ठिकाण लागतं, इतर वाद्यांपेक्षा जास्तच लागतं, आणि ते ठिकाण सध्या एका दुकानदाराच्या मर्जीवर महिन्यातून एक संध्याकाळ उघडतं. त्याने उद्या शटर पूर्ण खाली ओढलं तर त्याला कुणी जाब विचारू शकत नाही.

जुन्या इमारती पडताहेत तसे शहरातले जुने पियानो घरांबाहेर येताहेत. त्यांना जागा नाही. दुसरीकडे आपल्या मोहल्ल्यांत शादीखाने आहेत, शाळांचे हॉल आहेत, आणि लग्नसराई सोडली तर ते बंद असतात. एका हॉलच्या कोपऱ्यात एक वापरलेला पियानो ठेवायला काय लागेल? वर्षातून दोनदा सूर लावणारा माणूस, पावसाळ्यात एक बल्ब, आणि मुलींना संध्याकाळी एक तास वाजवू देईल असा एखादा समजूतदार विश्वस्त. यातलं शेवटचं मिळणं सगळ्यात अवघड, हे मला ठाऊक आहे. किल्ली कुणाकडे राहणार यावरून कमिटीत भांडण होईल, हेही ठाऊक आहे. होऊ दे. निदान भांडायला आपल्याकडे एक पियानो तरी असेल.