दारावरचा हवालदार

चिंचवडहून चाकणला शिकवायला जाताना माझी बस रोज भोसरी, मोशी करीत इंद्रायणीचा पूल ओलांडते. वाटेत कारखाने, फाटकांशी पाळी बदलणाऱ्यांची दाटी, आणि त्या दाटीला वाट करून देणारा चौकातला पोलीस. त्याला पाहिले की मला १९९९ सालची आमची ऑर्केस्ट्राची रात्र आठवते.

कारगिलचे युद्ध पेटले होते. मी तेव्हा कॉलेजात होतो. चिंचवडगावातल्या आमच्या मंडळाने जवानांसाठी निधी जमवायचे ठरवले. गोऱ्या साहेबाच्या राज्यात युद्धनिधीसाठी क्लबांत नाच होत. आम्ही साधी माणसे, आमचा आपला ऑर्केस्ट्रा! बैठकीत अण्णांनी पहिलीच ठिणगी टाकली, "तिकडे पोरे मरताहेत, आणि तुम्ही इकडे गाणी ऐकणार?"

सगळे गप्प झाले. मग खजिनदार तात्या हळूच म्हणाले, "अण्णा, नुसता डबा फिरवला तर लोक रुपया टाकतात. गाण्याला बसले तर दहाची पावती फाडतात."

वार ठरवण्यातच दोन बैठका गेल्या. पुण्याचे गायक रविवार म्हणत. पण एमआयडीसीची सुट्टी गुरुवारची! अखेर गुरुवार ठरला. मांडव, लाउडस्पीकर, गायकांचे जाण्यायेण्याचे भाडे, चहा... तात्यांच्या वहीत जमेआधी खर्चाचीच बाजू भरली. मांडववाल्याने भाडे सोडले, तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला.

परवान्यासाठी चौकीवर जायला मात्र कोणी तयार होईना. १८९७ साली रँडवर गोळ्या झाडणाऱ्या चाफेकर बंधूंचे हे गाव. पोलीस म्हणजे सरकारचा माणूस, ही समजूत इथे जुनीच. शेवटी मी गेलो. हवालदारांनी अर्ज वाचला, त्यातली एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक दाखवली आणि पुढे पाठवला. मराठीच्या विद्यार्थ्याला तो चांगलाच धडा होता!

कार्यक्रमाच्या रात्री तेच हवालदार दारावर होते. पाऊस लागला होता. मांडवात माणूस मावत नव्हता, आणि ते बाहेर भिजत सायकली लावून घेत होते. शेवटच्या गाण्यानंतर त्यांनी दहाची पावती फाडून घेतली आणि विचारले, "पोरांनो, २१ ऑक्टोबर काय असतो, ठाऊक आहे?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले.

"१९५९ साली लडाखात हॉट स्प्रिंग्जला चिन्यांच्या गोळ्यांनी आमचे दहाजण पडले. तेव्हा तिथली सरहद्द पोलीसच राखत होते." एवढे बोलून ते पुन्हा सायकलींकडे वळले.

दुसऱ्या दिवशी हिशेब झाला. पै न पै जुळली. त्यांची पावती होती. चहाच्या यादीत गायक होते, वादक होते, मांडववाल्याची पोरेही होती. हवालदार नव्हते. त्यांना चहा द्यायचे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते!

१५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडला स्वतःचे पोलीस आयुक्तालय आहे. चाकणही त्याच्याच हद्दीत येते. २१ ऑक्टोबरचा पोलीस स्मृतिदिन दिवाळीच्या आगेमागेच असतो. त्या दिवशी बायको चकलीचा पहिला घाणा बाजूला काढते, आणि मी डबा चौकीवर नेऊन देतो. निधी वगैरे काही नव्हे. एका चहाची बाकी आहे, इतकेच.