उपशम आणि क्षय

सुतक फिटल्यावर मुलाने अण्णांच्या कपाटातील निळी फाईल बाहेर काढली. सांगलीतील त्या घरात गेली अकरा वर्षे तिचा वास होता. अण्णा एका पतसंस्थेत रोखपाल होते. हिशेबात तूट निघाली, अपहाराची फिर्याद झाली आणि तिघा आरोपींत त्यांचेही नाव आले. कनिष्ठ न्यायालयाने त्यांना दोन वर्षांची कैद सुनावली. शिक्षेला स्थगिती मिळाली, सत्र न्यायालयात अपील दाखल झाले आणि तारखांमागून तारखा पडत असतानाच हृदयविकाराने अण्णा गेले.

“आता सगळे मिटले,” मुलगा म्हणाला. “गेलेल्या माणसावर खटला चालत नाही.”

त्याचे म्हणणे निम्मेच खरे होते. वकिलांनी ते उलगडून सांगितले. खटला चालू असताना आरोपी मरण पावला, तर मृत्यूची खातरजमा होऊन त्याच्यापुरता खटला संपतो. तो दोषी ठरत नाही आणि निर्दोष असल्याचा निकालही त्याला मिळत नाही. सहआरोपींवरील कामकाज मात्र पुढे चालते. जयललिता यांचे ५ डिसेंबर २०१६ रोजी निधन झाले. उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले होते व त्याविरुद्धची अपिले प्रलंबित होती. १४ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा त्यांच्यापुरती ती अपिले संपुष्टात आली होती. इतर तिघांना मात्र शिक्षा भोगावी लागली.

अण्णांची स्थिती निराळी होती. ते आधीच दोषी ठरले होते. अपील थांबले की खालचा निकाल तसाच उरतो. कैद भोगण्यास माणूस नसतो, पण कागदावरचा ‘दोषी’ हा शब्द जात नाही.

त्यासाठी कायद्याने एक दार उघडे ठेवले आहे. ते पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९४ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. कैदेच्या शिक्षेविरुद्ध अपील करणारी व्यक्ती मरण पावली, तर तिचे आई-वडील, पती वा पत्नी, मुले-नातवंडे, भाऊ-बहीण यांपैकी कोणीही मृत्यूपासून ३० दिवसांच्या आत परवानगी मागून अपील पुढे चालवू शकते. अण्णांना जाऊन त्या दिवशी १६ दिवस झाले होते.

“आणि हरलो तर?” मुलाने विचारले. “लोक विसरत आले आहेत. घरात मुलीचे लग्न जमवायचे आहे. अण्णांना पुन्हा एकदा दोषी ठरवून घ्यायचे का?”

त्याची भीती खोटी नव्हती. वकिलांनीही यशाची हमी दिली नाही. अर्ज न केल्यास अपिलाचे ‘उपशमन’ होईल, एवढेच ते म्हणाले.

तोवर गप्प बसलेल्या आईने मान वर केली. बस्तीतील स्वाध्यायात हा शब्द तिने अनेकदा ऐकला होता. “उपशम म्हणजे गाळ तळाशी बसणे,” ती म्हणाली. “निवळी घातली की पाणी स्वच्छ दिसते, पण भांडे हलले की पुन्हा गढूळ होते. गाळ निघून गेला तरच क्षय. लग्नाच्या बैठकीत कोणी हा विषय काढला, तर तू काय सांगणार आहेस? अण्णा वारले म्हणून प्रकरण मिटले, असे?”

मुलगा काही बोलला नाही.

“त्यांनी पैसे घेतले नाहीत, असे ते मला म्हणाले होते. मी ते मानले. पण मी मानणे आणि न्यायालयाने तपासणे यांत फरक आहे. ते तपासले जावे, एवढेच त्यांनी मागितले होते.”

तेविसाव्या दिवशी अर्ज दाखल झाला. त्यावर तिची सही होती. परवानगी मिळाली. आता प्रकरणात अण्णांच्या नावापुढे ‘मयत’ असे लिहिले आहे आणि त्याखाली तिचे नाव आहे. तारखेला मुलगाच तिला स्कूटरवरून नेतो. काम लांबले तर सूर्यास्तापूर्वीचे जेवण चुकू नये म्हणून ती डबा सोबत ठेवते.

निकाल विरुद्धही जाऊ शकतो, हे तिला ठाऊक आहे. पुढची तारीख तिने दिनदर्शिकेवर अष्टमी-चतुर्दशीच्या खुणांशेजारी लिहून ठेवली आहे.