भिंतीतलं चार इंची भोक

पिट्सबर्गच्या उपनगरातलं आमचं घर १९७०च्या दशकातलं. जुन्या मालकांनी जाताना कपड्यांचा ड्रायर तळघरात तसाच ठेवला होता. त्यात जीन्स दोनदा फिरवल्याशिवाय वाळत नसे आणि मशीन चालू असेपर्यंत तळघराच्या काचांवरून पाणी ओघळायचं. नवीन मशीन घ्यावं, असं नवऱ्याचं मत. मला मशीनपेक्षा त्याच्या मागच्या नळीचा संशय होता.

ड्रायर ओढून बघितला. मागे पांढरी प्लॅस्टिकची नळी भिंतीशी चेपून पापडासारखी झालेली. तिथून ती छताला टांगून, तीन वळणं घेत पार दुसऱ्या टोकाला गेलेली. जोडांवरची कापडी टेप वाळून सुटली होती, एक जोड तर उघडाच. तुळयांवर करड्या लिंटचा थर बसला होता. लिंट म्हणजे कपड्यांतून सुटणारा कापसाळ भुगा, काडी लावली तर भुर्रकन पेटतो. अशी प्लॅस्टिकची नळी आता नियमात बसत नाही, ती याचमुळे.

सासूबाई तेव्हा चिपळूणहून आल्या होत्या. त्यांनी एकंदर पसारा पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, एवढं ऊन पडलंय बाहेर. दोरी बांधायची सोडून भिंतीला भोकं कसली पाडतेस?"

"आई, इथे दोरी बांधायला परवानगी नाही."

वसाहतीच्या नियमावलीत तसं खरंच लिहिलंय. वाळत घातलेले कपडे दिसले की म्हणे घरांची किंमत उतरते. शेजारच्या मेरीलँड राज्याने २०१०मध्ये कायदा करून अशा बंदीला चाप लावला. आमच्या वसाहतीचा नियम मात्र जागचा हललेला नाही. चिपळूणच्या पावसाळ्यात घरभर दोऱ्या बांधून, पंख्याखाली कपडे वाळवलेल्या बाईला हे पटणं शक्यच नव्हतं. मलाही ते पटलेलं नाही.

ड्रायरच्या कामात उष्णतेचं कौतुक फार होतं, पण खरं काम हवेचं. धुलाईच्या एका घाण्यात पिळूनही दोनेक लिटर पाणी उरतं. ते वाफ होऊन घराबाहेर गेलं पाहिजे. वाट अडली की ओली हवा ड्रायरच्या पिंपातच घुटमळते, कपडे वाळत नाहीत आणि लिंट नळीत साठत जातो. म्हणून नळी आखूड, सरळ आणि आतून गुळगुळीत हवी. इथल्या बांधकाम-संहितेत साधारण ३५ फुटांची मर्यादा आहे, आणि प्रत्येक काटकोनी वळणामागे त्यातून ५ फूट वजा होतात. जुन्या वाटेचा हिशेब मांडला तर ती कधीच नापास झाली होती.

तेव्हा ड्रायरच बाहेरच्या भिंतीलगत हलवायचा ठरला. त्याला लागतो २४० व्होल्टचा, ३० अँपियरचा वेगळा पॉइंट. ते काम इलेक्ट्रिशियनला दिलं. भोक मात्र माझं.

तळघराची भिंत काँक्रीटची, पण तिच्या माथ्यावर, जमिनीच्या जरा वर, लाकडी कडेची तुळई असते. भोक तिच्यातून काढायचं. आत वायर किंवा पाण्याचा पाइप नाही ना, बाहेर जवळपास खिडकी नाही ना, हे आधी तपासलं. मग आतून लांब बिटाने बारीक छिद्र पाडलं. ते बाहेर कुठे निघालं हे बघायला घराला वळसा घालून गेले. साइडिंगच्या, म्हणजे भिंतीच्या बाहेरच्या आवरणाच्या, फळीवर टिकलीएवढं छिद्र दिसलं. त्यावर सव्वाचार इंची होलसॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत, धरला. साइडिंग लोण्यासारखं कापलं गेलं, पण तुळईत शिरल्यावर ड्रिल मनगट पिरगाळायला लागलं. दात लाकडात अडकले की ते आपल्यालाच फिरवू पाहतं. दोन्ही हातांनी धरायचं, थांबत थांबत रेटायचं, भुसा काढायचा. शेवटी लाकडाची जाड चकती करवतीत अडकून बाहेर आली.

पाइप घेतला चार इंची, जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा. दुकानात तो उघडा, वाकवलेल्या पत्र्यासारखाच मिळतो; कडा एकमेकींत अडकवून नळी करायची. त्याचं एक टोक चुणीदार असतं. ते हवेच्या दिशेला, पुढच्या नळीत शिरलं पाहिजे. उलटं बसवलं तर प्रत्येक जोडाच्या कडेला लिंट अडतो. स्क्रूही मारायचे नाहीत, कारण आत डोकावणाऱ्या टोकांना तो गोळा होत जातो. जोडांवर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल टेप लावली. घरातल्या सगळ्या कामांना वापरली जाणारी ती राखाडी कापडी टेप उष्णतेत टिकत नाही. बाहेर झडपेचं तोंड बसवलं आणि कडेने सीलंट भरलं.

ड्रायर सुरू केला. सासूबाई बाहेर झडपेसमोर हात धरून उभ्या. "वारा येतोय हो चांगला!" जीन्स एका फेरीत वाळल्या. काचा कोरड्या.

शेजारी बघायला आला. झडपेवर चिमण्या येऊ नयेत म्हणून जाळी लाव, असं त्याने सुचवलं; त्याच्याकडे तशी आहे म्हणे. मी म्हटलं, दाखव. स्क्रूड्रायव्हरने त्याची जाळी काढली तर मागे लिंटचा नमदाच जमलेला. जाळीला नियमात मनाई आहे ती याचसाठी. पाखरांना अडवायला झडप पुरते, फक्त ती नीट मिटते ना हे अधूनमधून बघायचं. त्याने जाळी कचऱ्यात टाकली आणि माझा होलसॉ शनिवारपुरता मागून नेला.