हंसराज कोणता?

आमच्या गावांतून एकाच नावाची चार माणसे सहज आढळतात. त्यांतला नेमका कोणता पास्कू हवा हे कळावे म्हणून आपण वाडी सांगतो, बापाचे नाव सांगतो, प्रसंगी दारच्या आंब्याची खूणही सांगतो. माणसांविषयी घेतली जाणारी ही दक्षता वनस्पतींविषयी मात्र आपण क्वचितच घेतो. ‘हंसराज’ या नावाचेच उदाहरण घ्या.

हंसराज हा एक नेचा होय. नेच्याला फूल नाही, फळ नाही, बीही नाही. धुळीसारख्या सूक्ष्म बीजाणूंतून त्याचा वंश वाढतो. त्यामुळे फुलावरून झाड ओळखण्याची आपली सवय येथे निरुपयोगी ठरते. हंसराजाच्या कुळाला शास्त्रज्ञ ‘अडिअँटम’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘न भिजणारा’ असा आहे, कारण या पानांवर पाणी ठरत नाही. काळाभोर, चकचकीत देठ हे बहुतेक साऱ्या भावंडांचे लक्षण, आणि घोटाळ्याचे मूळही तेच.

माळवा हा तसा कोरडा मुलूख. नेच्यांचे माहेरघर तिकडे पचमढी आणि इकडे आपला सह्याद्री. तथापि जुनी ओली विहीर असली की तेथेही नेचा घर करतो. गेल्या पावसाळ्यात आम्ही उज्जैनच्या नानाखेडा भागात एका मराठी कुटुंबाकडे चार दिवस उतरलो होतो. शिंद्यांच्या काळापासून त्या नगरीत मराठी घरे नांदत आली आहेत. घरातल्या नातवाला खोकला झाला होता आणि आजीबाई काढ्याच्या तयारीत होत्या. ताटात तीन जिन्नस होते: बाजारातली सुकी पुडी, अंगणातल्या कुंडीतली पाने आणि जुन्या विहिरीच्या कडेवरची पाने. त्यांनी विचारले, “फादर, तिन्ही हंसराजच ना? कोणताही टाकला तरी चालेल?”

आम्ही ताट उजेडात ओढले. विहिरीवरचे पान आणि कुंडीतले पान जुळ्या भावांसारखे दिसत होते. दोन्ही दोन-तीनदा विभागलेली, दोन्हींची दले इवल्याशा पंख्याच्या आकाराची. पण वांझ दलाची कड उजेडासमोर धरली असता भेद उघड झाला. विहिरीवरच्या पानाची प्रत्येक शीर कडेच्या दात्यात जाऊन संपत होती, तर कुंडीतल्या पानाची दोन दात्यांमधल्या खाचेत. या कुळात पानाची कड खाली दुमडते व त्या दुमडीवर बीजाणू धरतात. ती दुमड विहिरीवरच्या पानात लांबट होती, कुंडीतल्या पानात मूत्रपिंडाच्या आकाराची. पहिला ‘कॅपिलस-व्हेनेरिस’, म्हणजे युनानी वैद्यकातला परसियावशान. त्याला चुन्याचे ओले बांधकाम प्रिय असते. दुसरा ‘रॅडिएनम’, मूळचा दक्षिण अमेरिकेचा, शोभेसाठी रोपवाटिकांतून घरोघर आलेला पाहुणा.

पुडीत आणखी निराळेच दोघे एकत्र निघाले. एकाची दले चंद्रकोरीसारखी, गुळगुळीत, प्रत्येकास बारीक देठ. हा ‘लुन्युलेटम’, आपल्या सह्याद्रीतला ओळखीचा हंसराज. दुसऱ्याच्या अंगावर लव, दले जवळजवळ बिनदेठाची आणि वरची कड खोल कातरलेली. हा ‘इन्सायझम’. दोघांच्याही पानाचे टोक लांबत जाऊन मातीला टेकले की तेथे मूळ धरते, आणि नेचा जणू पाऊल टाकीत पुढे सरकतो. एका नावाखाली असे चार नेचे त्या ताटात जमले होते.

आजीबाई क्षणभर स्तब्ध राहिल्या. मग म्हणाल्या, “आमच्या सासूबाई नेहमी ‘विहिरीवरचा हंसराज’ म्हणायच्या. ‘विहिरीवरचा’ हा शब्द आम्हीच गाळला.” काढा चुलीवर चढला नाही. मुलाला डॉक्टरांकडे नेण्यात आले.

त्यांच्या त्या एका वाक्यात मोठा बोध आहे. जुनी माणसे नावाबरोबर ठिकाण सांगत, ऋतू सांगत, खूण सांगत. आपण सुटसुटीतपणासाठी नुसते नाव ठेवले आणि खूण हरवली. ही खूण जपण्याचे कार्य विद्वानांनीही केले आहे. येशूसंघीय फादर ब्लॅटर व द आल्मेदा यांनी मुंबई इलाख्यातील नेच्यांवर १९२२ साली स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. असे असूनही डोळ्याला मर्यादा आहेतच. लुन्युलेटमचीच काही रोपे बाहेरून सारखी दिसत असता कोणाच्या पेशीत ६०, कोणाच्या ९० तर कोणाच्या १२० गुणसूत्रे असतात. हा भेद सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो.

परंतु पहिले पाऊल आपल्या हाती आहे. श्रावणात बांधावर वा विहिरीपाशी हंसराज दिसला तर मुलांना तेथे न्यावे. रोप उपटू नये. एकच पान उलटून पाहावे: दलाला देठ आहे काय, अंगावर लव आहे काय, शीर दात्यात जाते की खाचेत, दुमड कशी आहे? आणि घरातल्या वृद्धांना विचारावे की त्या नावाआधी आणखी एखादा शब्द होता काय. तो सापडल्यास वहीत लिहून ठेवावा. औषधाच्या बाबतीत मात्र केवळ नावावर विसंबून कोणत्याही लेकराला काही पाजू नये.