बॅक मारणारी व्हॅन

फाट!

असा आवाज झाला की आमच्या गल्लीतली पोरं खिदळायची. आली बघा तोफगाडी, म्हणायची. हसायला काय जातं. त्या व्हॅनमध्ये अकरा लेकरं शाळेला जायची, आणि इंजन होतं पुढच्या सीटच्या बुडाखाली.

औरंगाबादची गोष्ट. आता शहराचं नाव बदललंय, तेव्हा औरंगाबादच होतं. गाडी आमच्याच गल्लीतल्या एका भावाची. जुनी, तीन सिलिंडरची, कार्बोरेटरवाली. पतपेढीचं कर्ज डोक्यावर. पेट्रोल परवडेना म्हणून २००४ साली त्यानं गॅसचं किट बसवायचं काढलं. आधी तो स्वयंपाकाचा लाल सिलिंडरच मागच्या सीटखाली घालणार होता. तेव्हा कैकजण घालायचे. मी म्हणलं, बाबा, १४.२ किलोचा बॉम्ब घेऊन लेकरं नेणार का? गॅसवर गाडी चालवायला कायद्यात २००० साली दुरुस्ती झाली. पण ती गाडीसाठीच बनवलेल्या टाकीसाठी आणि मान्यतेच्या किटसाठी. ऐकलं त्यानं. जास्तीचे पैसे घालून नीट टाकी बसवली. आणि महिन्याभरातच गाडी बॅक मारायला लागली.

दोस्तांनो, बॅक मारणं म्हणजे काय ते आधी सांगतो. सायलेन्सरमधून आवाज येतो तो वेगळा. तिथं न जळलेला गॅस पुढं जाऊन जळतो. कानाला त्रास, एवढंच. खरा बॅक म्हणजे जाळ उलटा, मॅनिफोल्डमध्ये शिरतो. पेट्रोलच्या गाडीत मॅनिफोल्डच्या भिंती ओल्या असतात, काही पेट्रोल तिथंच चिकटलेलं असतं. गॅसच्या गाडीत मिक्सरपासून व्हॉल्व्हपर्यंत सगळी नळी हवा आणि गॅसनं भरलेली. नेमकी जळायला तयार. तिला एक ठिणगी उलटी मिळाली की एअर क्लीनरचं झाकण उडालंच म्हणून समजा.

भाऊ माझ्याकडं आला. मी बघितलं, मिक्सरकडं जाणाऱ्या पाइपावरचा स्क्रू जरा जास्तच आवळलेला. गॅस कमी पडत असणार. कमी गॅसचं मिश्रण हळू जळतं. इतकं हळू, की पुढच्या खेपेला आत घेणारा व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही आत विस्तव शिल्लक असतो. हे खरंच आहे, चूक नाही. मी स्क्रू दोन आटे सैल केला, गाडी मक्खन चालली. पैसे घेतले. त्यानं दिले, मी घेतले.

तिसऱ्या दिवशी सकाळी, पुलाच्या चढावर, लेकरं भरलेली असताना, फाट. या खेपेला रबरी बूट फाटला, झाकण सीटच्या पत्र्यावर आदळलं, फोम करपल्याचा वास. पुढं त्याची स्वतःची पोरगी बसलेली, सात वर्षांची. भाजलं कुणाला नाही. पण चार लेकरांच्या आईबापांनी दुसऱ्या दिवसापासून रिक्षा लावली. चार लेकरं म्हणजे त्याचा हप्ता.

संध्याकाळी भाऊ दारात आला. ओरडला नाही. म्हणाला, "दादा, तुमच्यावर भरवसा टाकला व्हता."

मी पैसे परत दिले. ते देऊन काय होतं?

रात्रभर झोप नाही. उस्ताद आठवला. १९८१ साली मी बारा-तेरा वर्षांचा असताना त्याच्या गॅरेजात लागलो. पाना दे, कपडा दे, रॉकेलमध्ये पार्ट धू, एवढंच माझं शिक्षण. माठातलं पाणी मला वरून ओतून मिळायचं. विद्या तीही मिळायची नाही. टायमिंग लावताना उस्ताद माझ्याकडं पाठ करायचा. फिलर गेज पेटीत कुलूपबंद. का म्हणून विचारलं तर म्हणायचा, तुला काय करायचंय, तू हात चालव. मग मी मुकाट्यानं वायरी मोजायला लागलो. कुठली वायर कुठल्या भोकात, आधी कोण, मग कोण. त्यातनं फायरिंग ऑर्डर कळली. बाकीचं पुढं आयटीआयमध्ये पुस्तकातनं. आणि आता मीही उस्तादासारखंच केलं होतं. कामून हे न विचारता स्क्रू फिरवला होता.

तर मग कामून? कागद घेऊन बसलो. गाडी उभी असताना बॅक मारत नाही. चढावर मारते. सकाळी जास्त, दुपारी कमी. गॅस वाढवूनही मारते. ओझं पडलं की सिलिंडरात दाब वाढतो, अन् दाब वाढला की प्लगला ठिणगी पाडायला जास्त दाबाचा करंट लागतो. वरून गॅसचं कोरडं मिश्रण, त्याला पेट्रोलपेक्षाही जास्त लागतो. एवढा करंट सरळ प्लगपर्यंत पोचतो का वाटेतच पळतो? आणि सकाळी दव असतं. वायरी ओल्या.

दुसऱ्या रात्री गाडी मोकळ्या मैदानात नेली, घरात नाही. गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. खड्ड्यात, कोपऱ्यात बसतो. म्हणून आधी साबणाचं पाणी लावून सगळे जोड बघितले. फुगा कुठं आला नाही. मग दारं उघडी टाकून सीट उचलली, दिवे बंद केले. इस्त्रीवाल्याकडनं पाण्याची फवारणी आणली होती. वायरींवर बारीक फवारा मारला आणि भावाला म्हणलं, दे रेस.

दिसलं. दोन नंबर आणि तीन नंबरच्या वायरीमध्ये निळा दोरा. चिट् चिट् चिट्.

किट बसवणाऱ्यानं काम सुबक दिसावं म्हणून तिन्ही प्लग वायरी एकत्र घेऊन प्लास्टिकच्या पट्टीनं करकचून बांधल्या होत्या. वायरी जुन्या, कडक झालेल्या, बांधल्या जागी तडकलेल्या. आता बघा गंमत. या इंजनाची फायरिंग ऑर्डर १-३-२. तीन नंबर पेटतो तेव्हा पुढची पाळी दोनची. म्हणजे नेमक्या त्या वेळी दोन नंबर गॅस पीत असतो, त्याचा आत घेणारा व्हॉल्व्ह सताड उघडा. तिनाच्या वायरीतनं निसटलेला करंट दोनच्या वायरीत शिरला की तिथं भलत्या वेळी ठिणगी. दाबही नसतो तिथं, चिमूटभर करंटही पुरतो. जाळ उघड्या दारातनं मागं मॅनिफोल्डमध्ये. फाट! पेट्रोलवर असताना हीच वायर थोडं मिसिंग देत असेल, कुणाच्या लक्षात आलं नसेल. गॅसनं जुनं दुखणं उघडं पाडलं आणि शिव्याही गॅसनंच खाल्ल्या.

नव्या वायरी आणल्या. एकेक वेगळी, मधे बोटभर अंतर ठेवून. कॅपच्या आत कोळशाची काळी रेघ होती, तीही बदलली. रोटर पुसला. प्लगची फट ०.८ होती, ०.७ केली. टॅपेट थंड इंजनावर तपासले. गॅस कोरडा, व्हॉल्व्हची बैठक लवकर झिजते, फट कमी होते, मग व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि जाळाला आणखी एक वाट. एकाची फट कमी निघालीच. मॅनिफोल्डचं गॅस्केट बघितलं. रिड्यूसरला गरम पाणी फिरतं का, हात लावून बघितलं. फिरत नसतं तर त्याच्यावर बर्फ धरला असता. ते ठीक होतं. आणि माझा तो सैल केलेला स्क्रू परत जागेवर आणला.

हल्लीच्या नव्या किटमध्ये गॅस थेट व्हॉल्व्हजवळ सोडतात, नळी भरून राहत नाही, म्हणून हे दुखणं पुष्कळ कमी झालंय. पण मिक्सरवाल्या जुन्या गाड्या अजून माझ्याकडं येतात. आल्या की मी हाताखालच्या पोराला आधी विचारतो, कधी मारते? चढावर का उभी? सकाळी का दुपारी? पोरगं कंटाळतं. फिलर गेज त्याच्याच खिशात असतो.

लेकरं बसवून तपासणी करायची नाही हे ठरलं होतं. ज्वारीची सहा पोती घातली आणि पहाटे दवातच दौलताबादच्या घाटाला लागलो. दोनदा चढलो, दोनदा उतरलो. भाऊ प्रत्येक वळणावर खांदे आकसून घ्यायचा. आवाज झाला नाही.

चारातली दोन लेकरं पंधरा दिवसांनी परत आली, दोन आली नाहीत. हप्ता एक महिना थकला, मग भरला. त्याची पोरगी पुढंच बसायची, पण बरेच दिवस पुलाचा चढ आला की दोन्ही कानांत बोटं घालायची.